अ‍ॅल्युमिनिअमची केबल, तांब्याची केबल आणि त्यांच्या जोडात हरवणारे व्होल्टेज

जालना जिल्ह्यातील अंबड-घनसावंगी पट्ट्यात मोसंबीच्या अनेक बागांच्या विहिरी डीपीपासून (वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) दोन-तीनशे मीटर दूर आहेत. मोटार जळाली की दोष डीपीला दिला जातो, पण पुष्कळदा तो आपल्याच केबलमध्ये असतो.

प्रथम मोटार चालू असताना मीटरपेटीजवळ आणि विहिरीवरील स्टार्टरमध्ये दोन फेजमधील व्होल्टेज मोजावे. दोन्हींतील फरक म्हणजे वाटेतील घट. मोटार बंद ठेवून घेतलेले माप निरुपयोगी असते, कारण प्रवाह वाहत नसेल तर घट होत नाही.

केबल निवडताना हिशेब सोपा आहे. त्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनिअमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. ५ एचपीची थ्री-फेज मोटार ८ अँपिअर घेते असे धरले, तर ३०० मीटरवर ६ चौरस मिमी अ‍ॅल्युमिनिअममध्ये सुमारे २० व्होल्ट आणि तांब्यात सुमारे १२ व्होल्ट जातात. १० चौरस मिमीचे अ‍ॅल्युमिनिअम घेतल्यास घट तांब्याइतकीच राहते आणि खर्चही बहुधा आटोक्यात राहतो.

खरी अडचण जोडाची आहे. वरून येणारी केबल अ‍ॅल्युमिनिअमची आणि विहिरीत उतरणारी चपटी केबल तांब्याची असते, आणि दोन्ही तारा पिळून वर टेप गुंडाळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मीही अनेक वर्षे तेच केले. पावसाळ्यात जोड काळा पडे, एक फेज तुटे आणि मोटार भरायला (नवी वाइंडिंग करायला) न्यावी लागे. अ‍ॅल्युमिनिअमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो वीज वाहू देत नाही. ओल लागली की तांब्याशी चिकटलेले अ‍ॅल्युमिनिअमच झिजते. शिवाय तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त फुगते, त्यामुळे पीळ हळूहळू सैल होतो. एका जोडात अर्धा व्होल्ट जरी गेला, तरी ८ अँपिअरला तेथे ४ वॉट उष्णता सतत निर्माण होते, आणि टेपमध्ये ती कोंडून राहते.

म्हणून मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, अ‍ॅल्युमिनिअमची तार स्वच्छ स्टील ब्रशने घासावी आणि लगेच ऑक्साइडरोधक जेली लावावी. मध्ये चहाला जाऊ नये. त्या तारेच्या टोकाला बायमेटॅलिक थिंबलच (तारेकडे अ‍ॅल्युमिनिअमची आणि बोल्टकडे तांब्याची असलेली टोपी) बसवावे, साधे तांब्याचे नव्हे. थिंबल तारेवर दाबून बसवणाऱ्या क्रिंपिंग टूलमध्ये त्या मापाचीच डाय (दाबण्याचा साचा) वापरावी. हातोडीने ठोकलेले थिंबल वरून घट्ट दिसते, आत पोकळ राहते. तांब्याच्या केबलला तांब्याचे थिंबल लावून दोन्ही बंद जंक्शन बॉक्समध्ये स्प्रिंग वॉशरसह बोल्टने आवळावीत. बॉक्स पाण्याच्या पातळीच्या वर, सावलीत ठेवावा.

स्टार्टर वारंवार ट्रिप होतो म्हणून ओव्हरलोड रिलेचे (जास्त प्रवाह वाहिल्यास मोटार बंद करणाऱ्या भागाचे) सेटिंग वाढवून देणाऱ्यांचे ऐकू नये. कमी व्होल्टेजवर मोटार जास्त प्रवाह ओढते आणि रिले तेच सांगत असतो.

आठ-दहा दिवसांनी मोटार तासभर चालवावी, मेन बंद करून टेस्टरने पुन्हा खात्री करावी आणि मगच तिन्ही जोडांना हात लावून पाहावा. एकच जोड इतर दोघांपेक्षा गरम लागला, तर तो कापून नव्याने करावा. जुने थिंबल पुन्हा दाबून वापरू नये.