ग्राइंडिंगमध्ये माल किती वेगाने निघतो, ते मोजायचं कसं

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या शॉपमध्ये कुणालाही विचारा, ‘माल किती निघतोय?’ लगेच मशीनवरचा फीड, म्हणजे ग्राइंडिंग व्हील आत सरकवायचा आकडा, वाचून दाखवतात. तो आपण मागितलेला कट झाला. निघालेला माल जॉबवर, म्हणजे घासायच्या तुकड्यावर, मोजायचा असतो. इथे सिलिंड्रिकल (गोल जॉब फिरवत बाहेरून घासणाऱ्या) मशीनवरच्या प्लंज कटबद्दल सांगतो, म्हणजे व्हील आडवं न फिरवता सरळ जॉबमध्ये घुसवतात तो कट.

व्हील ड्रेस करून, म्हणजे त्याचा पृष्ठभाग पुन्हा साफ आणि धारदार करून, मशीन तापू द्या. पहिले एक-दोन जॉब हिशेबात धरू नका. व्यास तीन ठिकाणी घ्या, सरासरी लिहा.

खरी गोची वेळेची. व्हील जॉबवर दाबलं की स्पिंडल (व्हील फिरवणारा दांडा), सेंटर (जॉब दोन्ही टोकांना धरणारी टोकं), जॉब सगळं थोडं मागे सरतं, शिवाय व्हीलही झिजतं. मागे सरलेलं हळूहळू परत येतं म्हणून फीड थांबला तरी ठिणग्या चालूच राहतात: राहिलेला माल या वेळात, म्हणजे स्पार्क आउटमध्ये, निघतो. स्टॉपवॉच फीडबरोबर बंद करायचं आणि व्यास मात्र स्पार्क आउटनंतर मोजायचा, हा घोळ सर्रास चालतो. त्यात माल पूर्ण धरला जातो, वेळ अर्धवट, आणि व्हील उगाच भारी ठरतं. दोन व्हीलची तुलना करायची असेल तर फीड संपताच व्हील मागे घ्या आणि तसाच जॉब मोजा. कोटेशनसाठी आकडा हवा असेल तर पहिल्या ठिणगीपासून शेवटच्या ठिणगीपर्यंत वेळ धरा. दोन्ही आकडे एका रकान्यात लिहिणाऱ्याशी मी वाद घालत नाही, कागद परत करतो.

गरम जॉब मोजू नका. 50 मिमीचा स्टीलचा शाफ्ट 10 अंशांनी तापला तर व्यास सुमारे 6 मायक्रॉन फुगतो. डिसेंबरातल्या पहाटेच्या शिफ्टचे आकडे एप्रिलच्या दुपारच्या आकड्यांशेजारी ठेवताना हे लक्षात असू द्या.

हिशेब सोपा. व्यास 50, लांबी (म्हणजे कटची रुंदी) 40, व्यासात घट 0.30 मिमी. म्हणजे एका बाजूने कट 0.15, इथे 0.30 धरलं की उत्तर दुप्पट! 3.14 × 50 × 40 × 0.15 = 942 घनमिमी. 30 सेकंद लागले तर सेकंदाला सुमारे 31. रुंदी वेगळी असलेले जॉब ताडून पाहायचे तर 40 ने भागा: दर मिमी रुंदीला 0.78.

पडताळणीला वजन. स्टीलचे 942 घनमिमी म्हणजे साधारण 7.4 ग्रॅम, तेव्हा 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा हवा. जॉब आधी आणि नंतर, दोन्ही वेळा धुऊन कोरडा करा. सेंटरच्या भोकातलं ग्रीस आणि कीस काडीने काढल्याशिवाय काट्यावर ठेवू नका.