खिशातला झूम कॅमेरा: ४० पट की १५ पट?

खोक्यावरचं ‘४० पट’ आधी विसरा. लेन्स किती मिमीपासून किती मिमीपर्यंत जाते ते बघा (३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं). कॅनन एसएक्स७४० एचएस २४ ते ९६० मिमी, म्हणजे ४० पट, सोनी एचएक्स९९ आणि पॅनासॉनिक टीझेड९५ २४ ते ७२०, तर पॅनासॉनिकचाच टीझेड२०० फक्त २४ ते ३६०, म्हणजे १५ पट. पण या शेवटच्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) एक इंची, म्हणजे बाकीच्यांच्या साधारण चौपट क्षेत्रफळाचा. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा दिवेलागणीला फरक कळतो तो इथेच.

भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायचे असतील तर मात्र ७२० मिमी हवेच. त्या टोकाला अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, एफ/६.४ वर येतं (आकडा मोठा तितका प्रकाश कमी). उडत्या पक्ष्याला निदान १/१००० सेकंदाचा शटर लागतो, मग ढगाळ हवेत आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००च्या पुढे जातो आणि पिसांचा लगदा होतो. स्टॅबिलायझर हाताचा कंप सावरतो, पक्ष्याची हालचाल नाही.

कॅननला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. भर उन्हात, हात लांब धरून, ९६० मिमीवर पक्षी चौकटीत शोधणं म्हणजे कसरतच. डोळ्याला टेकवलेला कॅमेरा कमी हलतो. पक्ष्यांसाठी सोनी किंवा टीझेड९५च बरा.

जुना घेताय? पूर्ण झूम, एफ/८, आणि निरभ्र आकाशाचा फोटो. करडे ठिपके दिसले तर सोडून द्या. लेन्स आत-बाहेर होताना धूळ ओढली जाते आणि सेन्सरवर बसते. कॅमेरा उघडल्याशिवाय ती निघत नाही.