कॅसेट आत सरकवण्याआधी: स्वस्तातल्या डीव्हीडी रेकॉर्डरची तयारी

जुन्या कॅसेटी डीव्हीडीवर उतरवायला रेकॉर्डर घ्यायचा ठरवलाय, तर यंत्र बघायला निघण्याआधी कपाट उघडा आणि रेकॉर्ड करायचं काय काय आहे ते जमिनीवर मांडा. व्हीएचएस कॅसेटी किती, कॅमकॉर्डरच्या छोट्या कॅसेटी किती, त्यांतल्या मिनीडीव्ही कोणत्या आणि हाय-८ कोणत्या, प्रत्येकीवर अंदाजे किती तासांचं चित्रण आहे, सगळं कागदावर उतरवा. पुढचे निर्णय हा कागदच घेतो. मिनीडीव्ही ढीगभर असतील तर पुढच्या झाकणाखाली डीव्ही इनचं छोटं सॉकेट असलेला रेकॉर्डर शोधावा लागेल. नुसत्या व्हीएचएस असतील तर पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिनांची एव्ही इन पुरते. आणि मोजून पाच-सहाच कॅसेटी निघाल्या, तर यंत्र विकत घेऊ नका. ओळखीत कुणाकडे धूळ खात पडलेलं असेल ते चार दिवस मागून आणा.

घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर १९९९ साली जपानमध्ये पहिल्यांदा बाजारात आला. आज नवा पीस सहजी मिळत नाही, त्यामुळे स्वस्तातला म्हणजे बहुधा वापरलेला, हे गृहीत धरूनच चला. तो बघायला जाताना पिशवीत तीन गोष्टी टाका: एक कोरी आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) डिस्क, एक बाजारातली सिनेमाची डीव्हीडी आणि चालू सेल. सिनेमाची डीव्हीडी चालली म्हणजे यंत्र धड आहे असं होत नाही. वाचण्यापेक्षा लिहिताना लेझरला कितीतरी जास्त ताकद लागते, आणि म्हाताऱ्या यंत्रात आधी जाते ती लिहिण्याची ताकद. म्हणून विकणाऱ्यासमोरच आरडब्ल्यूवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा, डिस्क बाहेर काढा, पुन्हा घाला, चालवा. तो कुरकुरला तर सौदा सोडून द्या.

सेल रिमोटसाठी. मूळ रिमोट नसेल तर यंत्र फुकट मिळालं तरी दहा वेळा विचार करा. पुढच्या पट्टीवर चालू-बंद, प्ले, रेकॉर्ड अशी चार बटणं असतात. मेनू, टायमर आणि मुख्य म्हणजे फायनलाइझ (भरलेली डिस्क दुसऱ्या प्लेअरमध्येही चालेल अशी बंद करणं) हे सगळं बहुतेक यंत्रांत फक्त रिमोटवरून होतं. मी रिमोटविना यंत्र उचललं होतं, स्वस्त पडलं म्हणून खूशही होतो. आठ डिस्क भरल्यावर कळलं की त्या दुसऱ्या कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नाहीत आणि फायनलाइझचा मेनू उघडायला माझ्याकडे काही नाही. जुळणारा रिमोट शोधण्यात गेलेले दोन महिने त्या स्वस्तपणातून वजा करा.

आत हार्ड डिस्क असलेलं यंत्र परवडत असेल तर तेच घ्या. आधी हार्ड डिस्कवर उतरवायचं, नको तो भाग कापायचा, मग डीव्हीडीवर काढायचं. चूक झाली तर डिस्क वाया जात नाही. टीव्हीचे चॅनेल पकडणाऱ्या ट्युनरवर मात्र पैसे घालवू नका. जुन्या यंत्रांतले ट्युनर बहुधा अ‍ॅनालॉग असतात आणि ते प्रक्षेपण बऱ्याच देशांत संपलं आहे: अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी ते जून २००९ मध्ये थांबवलं, ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये शेवटचं केंद्र बंद झालं. टीव्हीवरचं काही टिपायचं असेल तर सेट-टॉप बॉक्सच्या एव्ही आउटमधून घ्यावं लागेल. तेव्हा टायमर दोन ठिकाणी लागतो, कारण रेकॉर्डर वेळेवर जागा झाला तरी बॉक्स बंद असेल किंवा भलत्याच चॅनेलवर असेल तर तेच टिपलं जातं. मागे एचडीएमआय दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते टीव्हीकडे जाणारं आउट असतं, आत काही घेत नाही. रेकॉर्डिंग शेवटी पालमध्ये (भारतातली टीव्ही पद्धत) ७२० बाय ५७६ आणि एनटीएससीत (अमेरिका-जपानमधली) ७२० बाय ४८० ठिपके एवढंच होतं. कॅसेटीला ते पुरून उरतं.

डिस्क आणताना यंत्राच्या मॅन्युअलमधलं सुसंगत डिस्कचं पान सोबत ठेवा. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर दिसायला सारख्या असल्या तरी घराणी वेगळी, आणि सुरुवातीची पुष्कळ यंत्रं एकाच घराण्याची डिस्क लिहितात. डीव्हीडी-रॅम तर बऱ्याच प्लेअरना ओळखूच येत नाही, तिच्या वाटेला जाऊ नका. जुन्या यंत्राला कधीकधी १६एक्स (लिहिण्याचा वेग) डिस्क पचत नाही, ८एक्स चालते. म्हणून पन्नासची थप्पी उचलण्याआधी चार-पाच डिस्कचं छोटं पाकीट घेऊन बघा. सोबत दोन आरडब्ल्यू घ्या, त्या तालमीला लागतील.

वेळेचं गणित कागदावरच उरकून टाका. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं. रेकॉर्डिंगचे दर्जे वेगवेगळे: एक्सपीत त्यात एक तास बसतो, एसपीत दोन, एलपीत चार, ईपीत सहा आणि काही यंत्रांत आठसुद्धा. डिस्क तेवढीच, म्हणजे तास वाढले की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला येणारी माहिती घटते: एसपीत सेकंदाला साधारण ५ मेगाबिट, एलपीत त्याच्या निम्मी. आता गंमत अशी की जुन्या कॅसेटीचं चित्र मुळात अंधूक असलं तरी ते कमी माहितीत भागत नाही. पडद्यावर त्या ज्या मुंग्या नाचतात ना, यंत्राच्या लेखी तीही सतत बदलणारी हालचालच. ती जपायच्या नादात चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. म्हणून घरच्या कॅसेटींना एसपीच्या खाली उतरू नका. तीन तासांची कॅसेट दोन डिस्कवर गेली तर जाऊ दे. मिनीडीव्हीची साठ मिनिटांची कॅसेट एक्सपीत एकाच डिस्कवर घ्यायला जाल तर शेवटची दोन-तीन मिनिटं कापली जायची भीती असते, तिथेही एसपीच बरा. ईपी बातम्या नि मॅचसाठी ठेवा.

कॅसेट चालवणाऱ्या व्हीसीआरकडे वळा. रेकॉर्डर मिळेल, पण हात-पाय धड असलेला व्हीसीआर मिळणं जास्त कठीण. शेवटच्या मोठ्या उत्पादकानेही २०१६ मध्ये तो बनवणं थांबवलं. घरचा व्हीसीआर वर्षानुवर्षं बंद असेल तर पहिली कॅसेट बिनमहत्त्वाची घाला, तीही फेकायची तयारी ठेवून. फीत वाचणारं हेड मळलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. फिरता ड्रम हाताने सावकाश फिरवून आडवा पुसायचा, वर-खाली घासलं की हेड तुटलंच समजा. व्हीसीआरच्या मेनूत निळ्या पडद्याची सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर सिग्नल जरा डळमळला की तेवढा तुकडा निळाच रेकॉर्ड होतो.

प्रत्येक कॅसेटीची खिडकी उजेडात धरून बघा. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट घातलीत तर हेडवरून ती पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागेल. ती वेगळ्या पिशवीत बाजूला ठेवा. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत मोकळी होते. बाजारातल्या सिनेमांच्या कॅसेटी यादीतून आधीच खोडा. त्यांच्यावर बहुधा कॉपी रोखणारा सिग्नल असतो आणि रेकॉर्डर सरळ नकार देतो. कधी घरची झिजलेली कॅसेटही तसाच नकार खाते, कारण डळमळीत सिग्नललाच यंत्र संरक्षण समजतं. अशा वेळी व्हीसीआरचं ट्रॅकिंग (फीत वाचण्याची जुळणी) हलवून बघा, नाहीतर दुसरा व्हीसीआर.

आता रंगीत तालीम. आरडब्ल्यूवर वीस मिनिटं एसपीत घ्या, यंत्र सांगत असेल तर फायनलाइझ करा आणि ती डिस्क घरातल्या दुसऱ्या प्लेअरमध्ये आणि एका कॉम्प्युटरमध्ये चालवून बघा. आवाज दोन्ही बाजूंनी येतो का, तो ओठांशी जुळतो का, चित्र वरच्या कडेला वाकडं होतं का, हे टीव्हीजवळ बसून बघा. खालच्या कडेची थरथरती रेघ मनावर घेऊ नका. व्हीएचएसमध्ये ती असतेच, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची एवढंच.

खऱ्या रेकॉर्डिंगच्या दिवशी क्रम उलटा ठेवा: सगळ्यांत प्रिय कॅसेट शेवटी, सगळ्यांत फालतू आधी. पाचव्या कॅसेटीपर्यंत हात बसलेला असतो. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएस लावा, आणि फायनलाइझ चालू असताना तर कुणाला त्या प्लगजवळ फिरकू देऊ नका. मध्येच वीज गेली तर भरलेली डिस्क सहसा हातची जाते. एक डिस्क भरली की फायनलाइझ, मग दुसऱ्या प्लेअरवर तपासणी, आणि त्यानंतरच पुढची कॅसेट. हा नियम कंटाळवाणा आहे, पण आठ डिस्कांचा माझा घोळ याच एका गोष्टीने टळला असता.

नाव लिहायला पाण्याच्या शाईचा मऊ मार्कर घ्या, बॉलपेन नको. कागदी स्टिकर तर अजिबात नको, डिस्कचा तोल जातो आणि कडा उचकटली की प्लेअरमध्ये अडकते. तारीख, कोण कोण आहे आणि मूळ कॅसेटीचा क्रमांक एवढं पुरे. डिस्क उभ्या, उन्हापासून लांब, डबीत ठेवा. पण डबीत ठेवलं म्हणजे जपलं असं मात्र धरून बसू नका: त्याच आठवड्यात डिस्कमधलं व्हिडिओ_टीएस हे फोल्डर जसंच्या तसं कॉम्प्युटरवर आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. रेकॉर्ड केलेल्या डिस्कमधला रंग वर्षांनी फिका पडतो, आणि कधी पडेल ते डिस्कवर छापलेलं नसतं.

कॅसेटी काढून टाकायची घाई करू नका, पाठीमागे कुठला तुकडा निळा गेलाय ते कधीकधी वर्षाने दिसतं. आणि काम संपलं म्हणून रेकॉर्डर विकायला काढाल त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या डिस्क पुन्हा एकदा दुसऱ्या प्लेअरमध्ये घालून बघा. एखादी फायनलाइझ व्हायची राहिली असेल तर ती उघडणारं हमखास यंत्र तेच आहे. विकताना रिमोट त्याला चिकटपट्टीने बांधून द्या.