बॅक्टेरियाला 'ज' कशाला? विज्ञान शाखेत नव्याने येणाऱ्यांसाठी

मराठी माध्यमातून दहावी होऊन मी सांगलीत विज्ञान शाखेला आलो, तेव्हा इंग्रजी शब्दाला 'स' जोडला की अनेकवचन होते, एवढेच भांडवल माझ्याजवळ होते. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात ते संपले. पानाची पातळ साल काचपट्टीवर ठेवली होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन रक्षक पेशींमधले एकच छिद्र स्पष्ट दिसत होते. मी मात्र जर्नलमध्ये एकासाठी 'स्टोमॅटा' आणि अनेकांसाठी 'स्टोमॅटाज' लिहिले. जर्नल परत आले ते दोन्ही शब्दांभोवती लाल वर्तुळे घेऊन. कारण लिहिलेले नव्हते आणि विचारण्याचे धाडस मला झाले नाही. एक छिद्र 'स्टोमा' आणि अनेक छिद्रे 'स्टोमॅटा', हे कळायला वर्ष सरले.

याद्या पाठ करण्यापेक्षा मला आपल्याच व्याकरणाचा अधिक उपयोग झाला. लॅटिन आणि ग्रीकमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत आणि 'केळे'चे 'केळी' करताना आपण जसा शेवटचा स्वर बदलतो, तसाच लॅटिनमधील नपुंसकलिंगी शब्दाच्या शेवटच्या 'अम'चा 'आ' होतो: बॅक्टेरियमचे बॅक्टेरिया, डेटमचे डेटा. ग्रीकमधील 'ऑन'चाही 'आ'च होतो; म्हणून निकष एकच असेल तर तो क्रायटेरियन, जरी आपल्याकडे 'हा क्रायटेरिया' असे सर्रास म्हटले जात असले तरी. डेटा मात्र आता सामान्य इंग्रजीत एकवचनीही चालतो. लार्व्हाचे लार्व्ही, हायपॉथेसिसचे हायपॉथेसीझ हे उच्चार ऐकूनच पक्के करावेत.

खरा घोटाळा 'अस'ने संपणाऱ्या शब्दांत आहे. न्यूक्लिअसचे न्यूक्लिआय होते, पण जीनसचे जेनेरा होते, कारण लॅटिनमध्ये तो नपुंसकलिंगी आणि वेगळ्या गटातला शब्द आहे. व्हायरसचे सरळ व्हायरसेस करावे. ऑक्टोपस तर मुळात ग्रीक असल्याने, 'ऑक्टोपाय' हे रूप मराठी कानाला आठ पायांच्या प्राण्यासाठी कितीही शोभले तरी, त्याला लॅटिन व्याकरणाचा आधार नाही.

स्पेसीज या शब्दाचे रूप दोन्ही वचनांत तेच राहते. 'स्पेसी' हा इंग्रजीत नाण्यांच्या स्वरूपातील पैशासाठीचा निराळाच शब्द आहे, आणि तो मी हळदीच्या पानाच्या आकृतीखाली ठळक अक्षरांत लिहून ठेवला होता.