दोषारोपपत्राच्या नकला घेताना या चुका टाळा

‘नकला मिळाल्या’ असं लिहून आरोपीची सही घेतली जाते आणि पाच मिनिटांत विषय संपतो. फौजदारी खटल्यात बचावाचं सर्वात मोठं नुकसान मी याच पाच मिनिटांत होताना पाहिलं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 नुसार आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांत दोषारोपपत्र, एफआयआर, साक्षीदारांचे जबाब आणि सोबतची कागदपत्रं विनामूल्य द्यायची असतात. अनुक्रमणिका समोर ठेवून पानं मोजा. पंचनाम्याचं पान पुसट असेल, पेनड्राइव्ह उघडत नसेल, तर सही करण्यापूर्वी लेखी अर्ज द्या आणि त्याची नोंद रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत) येऊ द्या. दोन वर्षांनी उलटतपासणीत ‘हे पान मिळालंच नव्हतं’ म्हटलं, तर ती सही आडवी येते.

दुसरी चूक जास्त खोल आहे. पोलिसांनी दिलं तेवढंच तपासात जमा झालं, असं धरून चालणं. जप्त केलेलं पण दोषारोपपत्राला न जोडलेलं साहित्य बरंच असतं, आणि आरोपीच्या बाजूचा कागद अनेकदा त्यातच असतो. ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश’ (2022) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा जबाबांची, कागदपत्रांची आणि वस्तूंची यादी आरोपीला द्यायला हवी. 2025 मध्ये ‘सरला गुप्ता’ निकालाने ईडीच्या खटल्यांतही हेच लागू केलं. म्हणून आधी यादी मागा. त्यातला नेमका कागद कोणता आणि बचावाला का हवा, ते पुढच्या अर्जात लिहा. ‘तपासाची सगळी कागदपत्रं द्यावीत’ असे मोघम अर्ज फेटाळले जातात.

कागद मागवून घेण्याचा अर्ज साधारणपणे बचावाच्या टप्प्यावर चालतो. चार्ज फ्रेम होताना, म्हणजे न्यायालय आरोप निश्चित करतं तेव्हा, तो सहसा मंजूर होत नाही. पण पुरावा जपून ठेवावा, असा अर्ज थांबवू नका! पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज 18 महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा आदेश आहे. दुकानातल्या कॅमेऱ्यावर तर काही दिवसांतच नवं रेकॉर्डिंग चढतं.

केस डायरी, म्हणजे तपास अधिकाऱ्याची रोजच्या तपासाची नोंदवही, मागण्यात वेळ घालवू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 192 मुळे आरोपीला ती पाहता येत नाही. मात्र तपास अधिकारी साक्ष देताना आठवण ताजी करायला डायरी उघडत असेल, तर तेवढा भाग बघण्याची मागणी तिथल्या तिथे करा.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात व्हिडिओची प्रत मिळायलाच हवी, हा हट्टही चुकतो. 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मेमरी कार्डमधला मजकूर ‘दस्तऐवज’ मानला, तरी पीडितेच्या खासगीपणासाठी प्रत नाकारली. वकील आणि तज्ज्ञासह पाहण्याची मुभा दिली. बचावाला त्यावर काम करता येतं: पाहताना कोणत्या तांत्रिक बाबी तपासायच्या, ते तज्ज्ञासोबत आधी लिहून काढा.

आणि मिळालेल्या नकला नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ज्याने फोटो काढून पुढे पाठवला तो आरोपीचाच भाऊ असतो.