सगळ्या मिनी साइट्सवर एकच कॉमन पेज कसं दाखवायचं (कॉपी-पेस्ट न करता)

प्रायव्हसी पॉलिसी, संपर्क, नेहमीचे प्रश्न ही पेजेस प्रत्येक मिनी साइटवर (एकाच मालकाच्या छोट्या-छोट्या वेगळ्या साइट्स) सारखीच लागतात आणि घाईत आपण ती कॉपी-पेस्ट करून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं, आठ साइट्स होत्या, फोन नंबर बदलला तेव्हा सात ठिकाणी बदलला आणि आठवीवर जुना तसाच राहिला, लोक बंद नंबरवर फोन लावत बसले. खूप वाईट वाटलं. तेव्हापासून मजकूर एकाच साइटवर ठेवायचा आणि बाकीच्यांनी तो तिथून उचलायचा, हे ठरूनच गेलंय.

आधी यादी करा. जे पेज शब्दन् शब्द सारखं आहे तेच कॉमन, ज्यात दर साइटला दोन ओळी वेगळ्या आहेत ते सरळ वेगळंच ठेवा, ओढूनताणून एकत्र केलं की पुढे त्रास होतो.

मग साइट कुठल्या सिस्टिमवर (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) चालते ते बघा. टायपो३ मध्ये पेजच्या प्रॉपर्टीजमध्येच दुसऱ्या पेजचा कंटेंट दाखवायची सोय आहे. द्रुपलला डोमेन मॉड्यूल टाकलं की पेज कुठल्या कुठल्या डोमेनवर दिसायला हवं तिथे फक्त टिक करायची.

वर्डप्रेसला थोडं काम पडतं. मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट्स चालवायची सोय, त्या सगळ्या मिळून नेटवर्क) 3.0 पासून, म्हणजे 2010 पासून मूळ वर्डप्रेसमध्येच आहे, पण प्रत्येक साइटच्या पोस्टचं टेबल वेगळं असतं, त्यामुळे एकीचं पेज दुसरीला आपोआप दिसत नाही. फाइल्स आणि डेटाबेस दोन्हीचा बॅकअप घ्या, प्लगिन (वर्डप्रेसला जोडलेले जादा प्रोग्रॅम) बंद करा, कॉन्फिग फाइलमध्ये (wp-config.php) मल्टिसाइटला परवानगी देणारी ओळ टाका, मग टूल्समध्ये नेटवर्क सेटअप दिसेल, तिथे सांगितलंय तसं करत जा. मेन साइटवर मूळ पेज बनवा आणि एक छोटा शॉर्टकोड (मिनी साइटच्या पेजवर टाकला की तिथे ठरलेला कोड चालवणारा कंसातला शब्द) लिहून तो पूर्ण नेटवर्कला चालू करा. शॉर्टकोडने 'स्विच टू ब्लॉग' या वर्डप्रेसच्या फंक्शनने मेन साइटवर जायचं, पेज आणायचं आणि लगेच 'रिस्टोअर करंट ब्लॉग' करायचं.

हे रिस्टोअर विसरलात तर खालचा फुटर, मेनू, लिंका सगळं मेन साइटचं यायला लागतं, आणि चूक शॉर्टकोडमध्ये आहे हे डोक्यातच येत नाही, माणूस थीम तपासत बसतो. दुसरं म्हणजे पेज पब्लिश आहे की नाही हे कोडमध्येच तपासा, नाहीतर अर्धवट ड्राफ्ट सगळ्या साइट्सवर झळकेल. आणि नुसतं स्विच केल्याने त्या साइटचे प्लगिन लोड होत नाहीत, म्हणून पेजवर फॉर्म असेल तर त्याचं प्लगिनही पूर्ण नेटवर्कला चालू हवं.

पेजमधल्या लिंका पूर्ण पत्त्याच्या ठेवा, अर्धवट पत्ता मिनी साइटवर भलतीकडेच नेतो.

सर्चसाठी प्रत्येक मिनी साइटवरच्या त्या पेजचा कॅनॉनिकल टॅग (मूळ पेज कुठलं ते सर्च इंजिनला सांगणारी कोडमधली ओळ) मेन साइटच्या पेजकडे वळवा. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने 2009 मध्ये हा टॅग मानायला सुरुवात केली ती अशाच डुप्लिकेट पेजेससाठी. एसईओ (सर्चमध्ये साइट नीट दिसावी यासाठीच्या) प्लगिनमध्ये त्याची वेगळी चौकट असते.

शेवटी मूळ पेजवर एखादा शब्द बदला, प्रत्येक साइटची कॅशे (साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ करा आणि इन्कॉग्निटो विंडोत एकेक साइट उघडून बघा, नवा शब्द आठही ठिकाणी दिसला की झालं.