एकाच लॅपटॉपवर पायथन ३.८ बी अन् ३.१२ बी

आमच्या काकाचं कृषी केंद्र आहे, तिथल्या उधारीचा हिशेब मी पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या ३.८ व्हर्जनवर लिहून दिला होता. लॅपटॉप एकच, दिवसा दुकानात, रात्री माझ्याकडे. मग कोर्ससाठी ३.१२ पाहिजे म्हणून मी लय शहाणपणा करून ३.८ काढून टाकला, अन् दुसऱ्या दिवशी काकाचा फोन, "काय करून ठेवलं बे, यादीच निघून नाही राहिली!" ऐन जूनमध्ये, पेरणीच्या गर्दीत. झालं असं का ती हिशेबाची स्क्रिप्ट डिस्टयुटिल्स नावाचं मॉड्यूल (पायथनसोबत येणारा तयार कोड) वापरत होती अन् ३.१२ मधून ते काढूनच टाकलं आहे.

म्हणून जुना काढायचा नाही. दोन्ही आपापल्या फोल्डरात गुपचूप राहतात, भांडण होते ते 'पायथन' ह्या एका शब्दावरून, तो टाकला का पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम जिथं शोधते त्या फोल्डरांची यादी) जो पहिले सापडला तो चालते. दुसरा इन्स्टॉल करताना पहिल्याच स्क्रीनवर खाली पाथचा चौकोन असते, तिथं टिक करू नका. ३.८ चा विंडोजचा तयार इन्स्टॉलर शेवटचा ३.८.१० चा आहे, तोच घ्या. अन् कोणाचं मशीन अजून विंडोज ७ वर असन तर ३.८ च्या पुढं जाताच येत नाही, तिथं हा सारा खटाटोप करूच नका.

आता सीएमडी (कमांड लिहायची काळी खिडकी) उघडून टाका: पाय -०. पाय म्हणजे पी अन् वाय, दोनच अक्षरं, अन् डॅशपुढं शून्य. दोन्ही व्हर्जनची यादी येते, ज्याच्यापुढं चांदणी तो डीफॉल्ट. जुना पाहिजे तर पाय -३.८ अन् पुढं फाइलचं नाव, नवा पाहिजे तर पाय -३.१२. नुसतं पाय टाकलं तर बहुतेक नवाच उठते, म्हणून आकडा लिहायची सवयच लावून घ्या.

लायब्रऱ्यांसाठी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) प्रत्येक कामाचं वेगळं व्हेनव्ह, म्हणजे त्या कामापुरतं पायथनचं वेगळं फोल्डर, करा: पाय -३.८ -एम व्हेनव्ह उधारी. पॉवरशेलमध्ये (सीएमडीसारखीच दुसरी खिडकी) व्हेनव्ह ॲक्टिव्हेट, म्हणजे चालू, करताना लाल अक्षरं आली तर डोकं नका लावू, साधा सीएमडी वापरा. हे फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या मशीनवर नेलं तर चालत नाही, त्याला मूळ ३.८ त्याच जागी लागते.

आमच्याकडं नेट म्हणजे हॉटस्पॉट, वरून लाइन कधी जाईन भरोसा नाही. तालुक्याला गेलो का पाय -३.८ -एम पिप डाउनलोड करून (पिप म्हणजे लायब्रऱ्या आणून टाकणारा प्रोग्राम) फायली एका फोल्डरात भरून आणतो, घरी पिप इन्स्टॉलले नो-इंडेक्स अन् फाइंड-लिंक्स हे दोन ऑप्शन देऊन त्याच फोल्डरातून टाकतो. डाउनलोड त्याच व्हर्जननं करा. नमपायसारख्या लायब्ररीच्या फाइलच्या नावात सीपी३८ नाहीतर सीपी३१२ असं लिहून असते, सीपी३१२ वाली ३.८ घेतच नाही, मी एकदा अशीच रिकामी चक्कर मारली आहे.

काकाले सीएमडी जमत नाही, ते फाइलवर डबल क्लिक करतात. त्यांच्यासाठी नोटपॅडमध्ये एकच ओळ लिहून बॅट फाइल (डबल क्लिक केली का आतली कमांड चालवते ती) केली: उधारीच्या व्हेनव्हमधल्या स्क्रिप्ट्स फोल्डरातल्या पायथनचा पूर्ण पत्ता, स्पेस, मग हिशेबाच्या फाइलचा पत्ता. असं केलं का ॲक्टिव्हेट बी करा लागत नाही. डेस्कटॉपवर तिचं नाव ठेवलं 'उधारी'.